लांकडांतील प्रभुभोजन आणि कोरणारें यंत्र

प्रभु येशु ख्रिस्त आपल्या बारा शिष्यांसह शेवटल्या भोजनास बसला आहे, असा देखावा कोरलेला लांकडी फलक आपल्याकडील पुष्कळ ख्रिस्ती घरांत भिंतीवर लावलेला आढळतो. हिंदु घरांच्या दारांवर गणपति, लक्ष्मी, दशावतार यांचे देखावे असतात, त्यांचीही गोष्ट तीच. एके काळीं असें प्रत्येक काम कारागिराच्या पटाशीखालून निघत असे. आतां त्यांतील बरेंचसें काम संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र करितें. या यंत्रास व्यवहारांत सी. एन. सी. असें म्हणतात; संगणकानें अंकांच्या साहाय्यानें चालविलेलें यंत्र, असा त्याचा अर्थ. तें काय करितें, काय करूं शकत नाहीं, व त्याच्या जोडीस मनुष्याच्या हातानें कोणतें काम करावें, हें आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस थोडक्यांत सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे माझें लक्ष एका नुकसानीमुळें वेधलें. एका खेड्यांतील जुन्या प्रार्थनामंदिराचें छप्पर दुरुस्त करतांना सागवानाची एक तुळई खालीं उतरवावी लागली. ज्या लांकडाखालीं आपल्या वाडवडिलांनीं प्रार्थना केली, त्याच लांकडावर प्रभुभोजनाचा देखावा कोरवून तो मंदिरांत लावावा, अशी मंडळीची इच्छा होती. तुळईचा किडलेला भाग काढून टाकल्यावर फळ्या चिरून व कडेस कडा जोडून ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद असे दोनच फलक निघतील, इतकें लांकूड हातीं राहिलें. काम एका यंत्रशाळेकडे सोंपविलें. तेथील तरुण चालकानें लेओनार्दो दा विंचीच्या प्रसिद्ध चित्राचें छायाचित्र संगणकांत घातलें आणि रात्रभर यंत्र चालविलें. सकाळीं पाळकसाहेबांबरोबर मी फलक पाहावयास गेलों, तों प्रभूचा चेहरा खळग्यांत गेलेला, आणि त्याच्या पाठीमागील खिडकींतलें आकाश मात्र उंचवट्यासारखें त्याच्याही पुढें आलेलें! पाळकसाहेब कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फलकावरून एकदां हात फिरविला व दुसरा फलक शाबूत आहे ना, एवढेंच विचारलें. यंत्रांत कांहीं बिघाड नव्हता. त्यास जें सांगितलें होतें, तें त्यानें तंतोतंत केलें होतें. मग चूक झाली कोठें?

हें समजण्यासाठीं प्रथम उठावाचें काम म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. चित्र सपाट असतें; मूर्ति चोहों बाजूंनीं पाहतां येते; उठावशिल्प हें या दोहोंच्या मधलें आहे. त्यांतील आकृति मागच्या फळीस चिकटलेली राहून थोडीशी पुढें येते. आमच्या फलकाची जाडी २५ मिलिमीटर होती. त्यांपैकीं १३ मिलिमीटर आधारासाठीं राखून ठेविल्यास कोरण्यास १२ मिलिमीटर उरतात. एवढ्याशा खोलींत मेज, तेरा माणसें, मागची भिंत व खिडक्यांबाहेरचे डोंगर हीं सारीं बसवावयाचीं. समजा, खरी खोली मेजापासून मागच्या भिंतीपर्यंत ६ मीटर लांब आहे. हें अंतर १२ मिलिमीटरांत सरसकट चेपलें, तर तें ५०० पटींनीं कमी होईल. आणि खऱ्या चेहऱ्यापासून २५ मिलिमीटर पुढें येणारें नाक फलकावर अवघें ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याइतकें पुढें येईल. असा चेहरा बोटाला लागणार नाहीं व डोळ्यांनाही दिसणार नाहीं.

म्हणून शिल्पकार खोली सर्वांस सारखी वांटीत नाहीं. चेहरे व हात यांस तो मोठा वांटा देतो. वस्त्रांस त्याहून कमी. भिंतीस व डोंगरांस नांवापुरता. फ्लॉरेन्स शहरांतील बाप्तिस्मामंदिराचे जे कांशाचे दरवाजे गिबेर्ती यानें १४२५ पासून १४५२ पर्यंत खपून केले, त्यांतील दहा चौकटींत जुन्या करारांतील कथा आहेत. त्यांत पुढच्या आकृति जवळजवळ मूर्तीसारख्या सुट्या झाल्या आहेत, आणि मागच्या इतक्या पातळ होत गेल्या आहेत कीं त्या धातूवर नुसत्या रेखल्यासारख्या वाटतात. कोणास किती खोली द्यावी, हें ठरविणें हाच उठावाच्या कलेचा प्राण होय. हा निर्णय देखाव्याचा अर्थ जाणणाराच घेऊं शकतो. कारण कोणती गोष्ट महत्त्वाची आहे, हें त्यास अगोदर ठाऊक असावें लागतें.

आतां यंत्राकडे वळूं. नमुन्यावरून कोरणारें यंत्र ही कल्पना नवी नाहीं. वाफेच्या यंत्राबद्दल प्रसिद्ध असलेला जेम्स वॉट हा उतारवयांत आपल्या घराच्या माळ्यावर मूर्तींच्या प्रतिकृति कोरणारें यंत्र तयार करण्यांत गढून गेला होता. पुढें १८४५ सालीं टॉमस जॉर्डन यानें इंग्लंडांत लांकूड कोरण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि लंडन येथील पार्लमेंटच्या नव्या इमारतींतील लांकडी नक्षीकामास त्या यंत्राची मदत घेण्यांत आली. या जुन्या यंत्रांत एक बोथट सळई नमुन्यावरून फिरे आणि तिला जोडलेलें हत्यार लांकडावर तशीच हालचाल करी. म्हणजे नमुना प्रत्यक्ष समोर असावा लागे. पुढें अमेरिकेंत जॉन पार्सन्स यानें हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अचूक आकार काढण्यासाठीं हत्याराच्या हालचाली अंकांनीं सांगण्याची युक्ति पुढें आणली. आणि १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयानें छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारें पहिलें यंत्र चालवून दाखविलें. फितीची जागा पुढें संगणकानें घेतली. आजचें लांकूड कोरणारें यंत्र याच वंशांतलें आहे. फरक एवढाच कीं, आतां नमुना अंकांच्या रूपानें असतो.

यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. भूमितींत आपण आलेखाच्या कागदावर एखादा बिंदु दोन अंकांनीं दाखवितों. यंत्रास तिसरा अंक लागतो. एक अंक डावी-उजवीकडील जागा सांगतो, दुसरा पुढची-मागची, आणि तिसरा वरची-खालची. लांकडाचा फलक खालीं घट्ट जखडलेला असतो. त्याच्यावर एका लोखंडी पुलावर मोटार बसविलेली असते, व तिच्या टोंकास लहानसें पातें मिनिटास सुमारें १८,००० फेरे या वेगानें फिरत असतें. फलकाच्या प्रत्येक ठिकाणीं पातें किती खोल न्यावयाचें, याचें एक मोठें कोष्टक संगणकाजवळ असतें. कोष्टकाप्रमाणें पातें खालीं-वर होत ओळीमागून ओळ कापीत जातें. शेतकरी नांगराचीं तासें जशीं एकाशेजारीं एक घालीत जातो, तसाच हा प्रकार आहे.

हें कोष्टक पुष्कळदां करड्या रंगाच्या चित्राच्या रूपानें ठेवितात. त्याचा संकेत असा कीं, पांढरा ठिपका म्हणजे सर्वांत उंच जागा, काळा ठिपका म्हणजे सर्वांत खोल, आणि मधल्या छटा म्हणजे मधल्या उंच्या. बाहेरून पाहणाऱ्यास हें साध्या छायाचित्रासारखें दिसतें, आणि येथेंच मनुष्य फसतो. छायाचित्रांत पांढरेपणा उजेड दाखवितो. कोष्टकांत तो उंची दाखवितो. आमच्या चालकानें एकाच्या जागीं दुसरें दिलें. लेओनार्दोनें हें चित्र १४९५ ते १४९८ या वर्षांत मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनशाळेच्या भिंतीवर काढलें. त्याची उंची सुमारें ४.६ मीटर व लांबी सुमारें ८.८ मीटर आहे. त्यांत प्रभूच्या मस्तकामागें खिडकी असून तिच्यांत उजळ आकाश आहे. आकाश उजळ म्हणून यंत्रानें तें पुढें आणलें. चेहरा त्याहून सांवळा म्हणून तो मागें ढकलला. पैशाची पिशवी मुठींत धरून मागें कललेल्या यहूदाचें तोंड चित्रकारानें मुद्दाम छायेंत ठेविलें आहे. यंत्राच्या हिशेबीं तो खड्डा झाला. मेजावरचें पांढरें वस्त्र डोंगरासारखें वर आलें. चित्रकार उजेडानें खोली सुचवितो खरा, परंतु उजेड म्हणजे उंची नव्हे. पाहणाऱ्याचें मन तेवढा फरक आपोआप ओळखतें; यंत्राजवळ तसें मन नाहीं.

मग योग्य मार्ग कोणता? त्याचे दोन प्रकार आहेत. एक असा कीं, कारागिरानें देखावा प्रथम शाडूच्या मातींत उठवावा, आणि प्रकाशकिरणांनीं मोजमाप घेणाऱ्या उपकरणानें त्याच्या पृष्ठभागाचीं मापें संगणकांत घ्यावीं. दुसरा असा कीं, संगणकाच्या पडद्यावरच जणूं माती घेऊन आकृति घडवावी. नाक ओढून पुढें घ्यावें, डोळ्याची खांच दाबावी, भिंत मागें सारावी. दोन्ही प्रकारांत घडविणारा मनुष्यच असतो, आणि ज्यास चेहरा काढतां येत नाहीं, त्यास पडद्यावरही तो घडवितां येत नाहीं. शिवाय कोष्टकाच्या सूक्ष्मतेकडेही लक्ष द्यावें लागतें. साध्या करड्या चित्रांत २५६ छटा असतात. १२ मिलिमीटर खोली इतक्या छटांत वांटली, तर प्रत्येक पायरी सुमारें ०.०५ मिलिमीटरची होते, व कपाळासारख्या हळूहळू उतरत्या भागावर डोंगरउतारावरील शेतांच्या ताली असाव्यात तशा बारीक पायऱ्या दिसूं लागतात. म्हणून ६५,५३६ छटांचें चित्र वापरणें चांगलें.

कोरण्याचें काम दोन टप्प्यांत होतें. पहिल्या टप्प्यांत सुमारें ६ मिलिमीटर जाडीचें सपाट टोंकाचें पातें नको असलेलें लांकूड भराभर काढून टाकतें. त्या वेळीं देखावा पायऱ्यापायऱ्यांचा व ओबडधोबड दिसतो. दुसऱ्या टप्प्यांत निमुळतें, गोल टोंकाचें पातें सर्व पृष्ठभागावरून फिरतें. टोंकाचा व्यास १ मिलिमीटर व दोन ओळींमधील अंतर ०.२ मिलिमीटर धरूं. फलकाची रुंदी ३०० मिलिमीटर, म्हणून ओळी १,५०० होतात. प्रत्येक ओळ ६०० मिलिमीटर लांब. एकूण वाटचाल ९०० मीटर. पातें मिनिटास २ मीटर चाललें, तर ४५० मिनिटें, म्हणजे साडेसात तास लागतात. दोन ओळींमध्यें जो बारीकसा वरंबा उरतो, त्याची उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. अंतर ०.२ मिलिमीटर असतां वरंबा सुमारें ०.०१ मिलिमीटर राहतो, ०.४ केल्यास वेळ निम्मा लागतो, पण वरंबा चौपट होतो. गणिताच्या तासाला वर्गाचें प्रमाण शिकतांना ज्यांस कंटाळा येतो, त्यांनीं सागवानावर बोट फिरवून हें उदाहरण पडताळून पाहावें.

इतकें सर्व यथासांग केलें, तरी यंत्राच्या कांहीं मर्यादा राहतात. पहिली मर्यादा पात्याच्या टोंकाची. ८.८ मीटर लांबीचें चित्र ६० सेंटिमीटरांत आणलें, म्हणजे तें सुमारें १५ पटींनीं लहान झालें. त्यांत एकेक चेहरा जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा होतो व डोळा सुमारें तीन मिलिमीटर रुंदीचा. पापणीची रेघ त्याहून कितीतरी बारीक. १ मिलिमीटर व्यासाचें टोंक तिच्यांत शिरूंच शकत नाहीं. दुसरी मर्यादा दिशेची. अशा यंत्राचें पातें सदैव वरून खालीं उतरतें. आडवें होऊन एखाद्या बाहीच्या किंवा हनुवटीच्या खालून लांकूड काढणें त्यास साधत नाहीं. तिसरी मर्यादा खुद्द लांकडाची. संगणकाच्या लेखीं फलक सर्व बाजूंनीं सारखा असतो. लांकूड मात्र तंतूंचें बनलेलें असतें, आणि त्याच्या रेषा आमच्या फलकावर डावीकडून उजवीकडे जात होत्या. चित्रांत थोमा या शिष्यानें आपलें एक बोट सरळ वर केलें आहे. फलकावर तें दीड-दोन मिलिमीटर रुंदीचें उभें बोट रेषेस आडवें येतें, आणि थोडा धक्का लागतांच तुटतें. कुशल कारागीर हें अगोदर ओळखून त्या बोटामागें थोडें लांकूड आधारास ठेवितो.

हातानें काय साधतां येतें, याचा एक मोठा दाखला जर्मनींत रोथेनबुर्ग या गांवीं सेंट याकोबच्या मंदिरांत आहे. टिलमान रीमेनश्नायडर यानें १५०५ सालापर्यंत कोरून दिलेल्या तेथील वेदीच्या मध्यभागीं शेवटल्या भोजनाचाच देखावा असून, दोन्ही बाजूंच्या पाखांवर प्रभूचा यरुशलेमप्रवेश व जैतुनाच्या डोंगरावरील प्रार्थना हे प्रसंग उठावांत आहेत. त्यानें लिंडनचें लांकूड वापरलें, आणि त्या काळच्या रीतीस सोडून तें नाना रंगांनीं न रंगवितां तसेंच ठेविलें. वस्त्रांच्या चुण्या त्यानें इतक्या खोल व आंतून पोखरून कोरल्या आहेत कीं मागच्या खिडक्यांतून येणारा उजेड बदलेल तसतशी सांवली बदलते. त्यानें यहूदाला मध्यभागीं, प्रभूच्या समोर उभें केलें आहे. हीही खोलीची वांटणीच होय. परंतु ती त्याच्या अंतःकरणानें ठरविली. आपल्या जवळचें उदाहरण हवें असेल, तर जुन्या गोव्यांतील से कॅथीड्रलची मुख्य वेदी पाहावी. १५६२ सालीं आरंभिलेल्या त्या मंदिरांत संत कॅथरीनच्या आयुष्यांतील प्रसंग लांकडांत कोरून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. आमच्या वाचकांपैकीं जे गोव्यास जातील, त्यांनीं थोडें बाजूला उभें राहून त्या आकृतींच्या सांवल्या पाहाव्यात.

आतां आमच्या दुसऱ्या फलकाची हकीकत सांगतों. त्याच यंत्रशाळेंत एक वृद्ध मिस्त्री होते. यंत्र आल्यापासून त्यांच्याकडे दारांना कांचकागद घांसण्यापलीकडे काम उरलें नव्हतें. पाळकसाहेबांनीं विनंति केल्यावरून त्यांनीं देखावा आधीं शाडूंत उठविला. त्यास त्यांस नऊ दिवस लागले. तरुण चालकानें त्याचीं मापें संगणकांत घेतलीं, आणि यंत्रानें या खेपेस देखावा निर्दोष उतरविला. चेहरे मात्र मिस्त्रींनीं मुद्दाम थोडे जाड ठेवावयास सांगितले होते. तें कां, असें मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, प्रभूची नजर खालीं भाकरीकडे आहे कीं समोर, हें केंसाएवढ्या रेघेवर ठरतें. तेवढें लांकूड माझ्यासाठीं राहूं द्या.” मग दोन दिवस ते खिडकीशीं बसून लहान पटाश्यांनीं तेरा चेहरे करीत होते, आणि तो तरुण चालक त्यांच्याजवळ उभा राहून पाहत होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मिस्त्रींनीं त्याच्या हातीं पटाशी दिली व एका शिष्याच्या दाढीचे केंस त्याच्याकडून काढविले.

काम पुरें झाल्यावर आणखी एक प्रश्न निघाला. यंत्रशाळेच्या मालकाचें म्हणणें असें पडलें कीं, पावतीवर ‘हातानें कोरलेला फलक’ असें लिहावें. त्यानें वस्तूची किंमत वाढते व सगळेच तसें लिहितात. पाळकसाहेबांनीं तें मान्य केलें नाहीं. त्यांनीं फलकाच्या पाठीवर असा मजकूर घालावयास सांगितला कीं, हें लांकूड या मंदिराच्या जुन्या तुळईचें असून देखावा मिस्त्रींनीं मातींत घडविला, यंत्रानें लांकडांत कोरला आणि चेहरे पुन्हां मिस्त्रींनीं हातानें पुरे केले. मिस्त्रींची मजुरीही त्यांनीं वेगळी मांडून दिली. मला हें फार योग्य वाटलें. यंत्राच्या कामांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यांस हातकोरीव काम विकत घेणें परवडत नाहीं, अशा गरीब मंडळींसही त्यामुळें एखादा सुंदर देखावा मिळूं शकतो. परंतु यंत्राचें काम हाताच्या नांवानें विकलें, तर घेणारा फसतो आणि खऱ्या कारागिराची भाकरी जाते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें अशीं यंत्रें चालवाल, व तीं आजच्याहून अधिक चतुर असतील. त्यांचा द्वेष करूं नका. पण तीं चालवावयास शिकतां शिकतां चित्रकला शिका, मातींत बोटें घाला, आणि लांकडाची रेष हातानें ओळखावयास शिका. यंत्राला खोली किती हें सांगावें लागतें, आणि तें सांगणाऱ्यास ठाऊक असावें लागतें. तो पहिला, बिघडलेला फलकही आम्ही टाकून दिला नाहीं. तो त्या यंत्रशाळेंतच भिंतीवर टांगला आहे. नवा मुलगा कामास आला म्हणजे मिस्त्री त्याला प्रथम तोच दाखवितात, आणि यांत काय चुकलें आहे, असें विचारतात.